शरदांतील द्राक्षमळा



भिवंडीजवळच्या वडपे गांवावरून मुंबई-नाशिक रस्ता जातो. त्या बाजूला गुदामांच्या रांगाच रांगा आहेत. देशोदेशींचा माल तेथें चार दिवस विसांवतो आणि पुढें जातो. शरद ऋतूंतल्या एखाद्या रविवारीं मुंबईकरांच्या कित्येक मोटारी मात्र तेथें न थांबतां कसारा घाट चढतात. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत बसून वाइनची चव घ्यावी, हा त्यांचा बेत असतो. आज त्या चवीविषयीं, आणि ती ज्या वेलीपासून येते तिच्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

वडप्याच्या भातखाचरांत द्राक्ष कां पिकत नाहीं? कोंकणची दमट हवा आणि मुसळधार पाऊस वेलीला मानवत नाहींत. घाट चढून सुमारें सहाशें मीटर उंचीवर गेलें म्हणजे हवा कोरडी होते आणि हिवाळ्याच्या रात्री गार पडतात. दिवसाच्या उन्हानें फळांत साखर भरते; रात्रीच्या गारव्यानें त्यांतला आंबटपणा टिकतो. या दोहोंचा तोल साधला तरच वाइन चांगली होते.

द्राक्षाचें मद्य आपल्याला अगदींच परकें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत त्याला ‘मधु’ म्हटलें असून कापिशायन आणि हारहूरक अशीं दोन नांवें दिलीं आहेत. पैकीं पहिलें नांव आजच्या अफगाणिस्थानांतील कापिशी नगरीवरून आलेलें आहे. महाराष्ट्रांत मात्र हा उद्योग अलीकडचा. श्यामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत तो नारायणगांवीं आरंभिला. नाशिकजवळ सुला वाइनरी १९९९ सालीं निघाली. आणि २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें.

चव घेणें म्हणजे पिणें नव्हे. पेल्यांत थोडीशीच वाइन ओततात. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून आधीं रंग पाहावयाचा, मग तो हलकेच फिरवून वास घ्यावयाचा, आणि शेवटीं एक घोट जिभेवर घोळवावयाचा. पुष्कळ जाणते तर तो गिळीतही नाहींत, शेजारच्या भांड्यांत टाकतात. शेनिन ब्लां जातीच्या पांढऱ्या वाइनमध्यें पिकल्या फळांचा वास सांपडतो. शिराझच्या तांबड्या वाइनमध्यें मिऱ्याचा झणका, आणि जांभूळ खाल्ल्यावर राहतो तसा तुरटपणा. गंमत अशी, कीं बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस पांढुरकाच असतो. साली रसाबरोबर आंबूं दिल्या म्हणजे त्यांचा रंग रसांत उतरतो. साखरेचें मद्यार्कांत रूपांतर करणारें किण्व सजीव आहे, हें लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत दाखवून दिलें.

पेला खालीं ठेवून बाहेर पाहावें, तर वेलीवर पिकलेला एकही घड नसतो! युरोपांत शरद हा द्राक्षांच्या तोडणीचा काळ. आपल्याकडे तो छाटणीचा. आपल्या उष्ण हवेंत वेल थंडीनें झोपीं जात नाहीं, म्हणून शेतकरी तिला वर्षांतून दोनदां छाटतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार व्हावी म्हणून, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची छाटणी फळासाठीं. तोडणी बहुधा जानेवारी ते मार्च या महिन्यांत होते. म्हणजे पाहुण्याच्या हातांत मागचा एखादा हिवाळा असतो, आणि बाहेर मजुरांच्या कात्रीखालीं पुढच्या हिवाळ्याची तयारी चाललेली असते.

ही तयारी म्हणजे शेतकऱ्यानें मांडलेला डावच होय. कोंवळ्या फुटींवर अवकाळी पाऊस पडला, कीं केवडा रोग पसरतो. कांहीं दिवसांच्या झडीनें वर्षाचें पीक जाऊं शकतें. पावसांतून निभावलें तरी बाजार राहतोच. वाइनचीं द्राक्षें बारीक, जाड सालीचीं आणि बियांचीं असतात. फळवाल्याच्या टोपलींत तीं खपत नाहींत, त्यांना वाइनरीवांचून दुसरें गिऱ्हाईक नाहीं. २००८ नंतरच्या मंदींत वाइनचे साठे पडून राहिले, द्राक्षांची खरेदी आटली, आणि नाशिककडच्या कित्येक शेतकऱ्यांनीं स्वतः वाढविलेल्या वेली उपटून टाकल्या. वडप्याच्या गुदामांत माल अडला तर भाडें वाढतें. येथें माल अडला तर दोनतीन वर्षें जोपासून फळाला आणलेली बागच हातची जाते.

मद्याविषयीं आपल्या समाजांत तीव्र मतभेद आहेत. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां एका पक्षानें शेतकऱ्याचें हित पुढें केलें, तर दुसऱ्यानें कुटुंबांचें. वाइनमध्यें साधारणतः शेकडा बारा-तेरा भाग मद्यार्क असतो. तेव्हां तिला नुसता फळांचा रस म्हणणें खरेपणाचें नव्हे. पण शेतकऱ्याचें नांव घ्यावयाचें आणि त्याच्या वेलीकडे मात्र पाहावयाचें नाहीं, हेंही खरेपणाचें नव्हे.

म्हणून ज्यांना वाइन वर्ज्य आहे त्यांनींही एकदां शरदांत तो मळा पाहावा. आणि जे चव घेणार असतील त्यांनीं रंग व वास यांच्या जोडीला एवढें अवश्य विचारावें, कीं हीं द्राक्षें कोणाच्या मळ्यांतलीं, आणि यंदाची छाटणी त्यानें कोणाच्या शब्दावर केली आहे.