निर्णयाआधीचं व्याख्यान



रायपूरच्या या व्याख्यानमालेत आयोजकांनी मला विषय दिला तो 'विद्यापीठ, धोरण आणि जाहीर व्याख्यान' असा. 'सार्वजनिक धोरण' हे शब्द कानावर पडले की श्रोते खुर्चीत जरा मागे सरकतात, हे मला ठाऊक आहे. पण सध्या बाहेर सरकारी धानखरेदी चालू आहे. मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातलेच काही जण बोलत होते, धान विकायचं सोसायटीचं टोकन कुणाला कधीचं मिळालं, कुणाचा रकबा, म्हणजे धानाखालची जमीन, कमी दाखवला. ती चर्चा धोरणाचीच होती. मात्र ती निर्णय झाल्यानंतरची होती. हीच चर्चा निर्णयाच्या आधी, जाणकारांसमोर आणि चारचौघांत व्हायला हवी, आणि ती घडवून आणणं हे विद्यापीठातल्या जाहीर व्याख्यानाचं काम आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

एक उदाहरण जरा तपशिलात घेतो. पुण्यात 1930 साली गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था सुरू झाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी देणगी दिली, भारत सेवक समाजाने संस्था चालवायला घेतली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. काळ्यांच्या नावाने तिथे दरवर्षी व्याख्यान होऊ लागलं. 29 जानेवारी 1939 रोजी ते द्यायला बोलावलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना. जागा गोखले हॉल, विषय संघराज्य आणि स्वातंत्र्य.

आता वेळ बघा. 1935च्या भारत सरकार कायद्याचा प्रांतांपुरता भाग एप्रिल 1937 पासून लागू झाला होता. संघराज्याचा भाग कागदावर तयार होता, पण अमलात आलेला नव्हता. संस्थानिकांशी घासाघीस चालली होती. म्हणजे गाडी फलाटावर उभी होती, सुटली नव्हती. नेमक्या त्या वेळी बाबासाहेबांनी त्या योजनेचं एकेक कलम उलगडून दाखवलं. खालच्या सभागृहात 375 जागा, त्यांपैकी 125 संस्थानांच्या. वरच्या सभागृहात 260, त्यांपैकी 104 संस्थानांच्या. प्रांतांचे प्रतिनिधी निवडणुकीने येणार आणि संस्थानांचे राजेसाहेब नेमणार. एका घरात दोन न्याय, आणि त्यालाच संघराज्य म्हणायचं! भाषण त्याच वर्षी पुस्तिकारूपाने छापलं गेलं.

यात आपला, रायपूरचा, काय संबंध? आहे. रायपूर जिल्हा इंग्रजी मुलखात, मध्य प्रांतात होता. पण त्याच्या आजूबाजूला बस्तर, कांकेर, राजनांदगाव, खैरागड, कवर्धा अशी छत्तीसगडची चौदा संस्थानं होती. ती योजना अमलात आली असती तर रायपूरच्या माणसाला संघसभेत निवडून आलेला प्रतिनिधी मिळाला असता आणि कांकेरच्या माणसाच्या नावाने राजाने धाडलेला माणूस बोलला असता. मध्ये अंतर किती, तर धमतरीवरून पुढे गेलं की आलं कांकेर. पुण्यातल्या त्या सभेत छत्तीसगडचा कुणी बसला होता की नाही, याने फरक पडत नाही. प्रश्न त्याचाही होता.

पुढे सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रजांनी ती योजना गुंडाळून ठेवली. ती व्याख्यानामुळे थांबली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण ती आली असती तर निदान पुणेकरांना 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' असं म्हणायची सोय उरली नसती. एक उणीवही सांगायला हवी. पुस्तिका इंग्रजीत होती. ज्याचं मत राजाच्या खिशात जाणार होतं त्याला ती वाचता येणार नव्हती.

ही उणीव रायपूरच्या एका मराठी माणसाला त्याआधी चाळीस वर्षं जाणवली होती. माधवराव सप्रे. 1900च्या जानेवारीत त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगड मित्र' हे हिंदी मासिक काढलं. सोबत रामराव चिंचोलकर होते आणि मालक-प्रकाशक म्हणून वामनराव लाखे. पत्र तीन वर्षं चाललं, मग पैशाअभावी बंद पडलं. त्यातल्या 'एक टोकरी भर मिट्टी' या कथेचा मान मोठा आहे, हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या कथांत ती मोजली जाते. त्यांनी केलेला टिळकांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवाद तर सगळ्यांना माहीत आहे. पण काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय शब्दांचा कोश केला तेव्हा अर्थशास्त्राचा भाग सप्र्यांनी केला, हे आपण फारसं सांगत नाही. घरी मराठी बोलणारा माणूस हिंदी वाचकाला भांडवल, मजुरी, कर यांवर भांडता यावं म्हणून बैठक मारून काम करत होता. आणि लाख्यांनी पुढे 1913 मध्ये इथे सहकारी बँक उभी करायला पुढाकार घेतला. त्यांच्याच नावाच्या लाखेनगरवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल, हा प्रश्न मी सध्या विचारत नाही.

आता आजचं रायपूर. 1964 पासून पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे, 2003 पासून हिदायतुल्ला विधी विद्यापीठ, 2010 पासून आयआयएम. व्याख्यानांना तोटा नाही. पण नवीन संस्था बहुतेक नव्या रायपुरात, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. फाटकावर नाव, फोन, कुणाला भेटायचं ते लिहा, मग आत. जाहीर व्याख्यानाला येणाऱ्याने 'कुणाला भेटायचं' या रकान्यात काय लिहावं?

अशाच एका सभागृहात, नाव घेत नाही, मी रेशनव्यवस्थेवरचं व्याख्यान ऐकलं. विषय आपल्या राज्याच्या अभिमानाचा. 2004 मध्ये इथे रेशनदुकानं खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती, बचतगट आणि सहकारी संस्थांकडे दिली गेली. धान्य दुकानाच्या दारापर्यंत पिवळ्या ट्रकमधून जाऊ लागलं, म्हणजे कुठल्या गावात ट्रक आला आणि कुठल्या गावात नाही ते गावाला दिसू लागलं. 2012च्या डिसेंबरात राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला, केंद्राचा त्यानंतर आला. वक्त्यांनी हे सगळं उत्तम मांडलं. त्याआधी दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. प्रश्नांना दहा मिनिटं, आणि तेही चिठ्ठीवर लिहून द्यायचे. मागच्या रांगेत बचतगटाची एक बाई होती, दुकान तिचाच गट चालवतो. चिठ्ठी तिने शेजारच्या मुलाकडून लिहून घेतली. प्रश्न असा की गोदामातून पोतं येतं ते बारदानासकट तोलून येतं की बारदान वगळून, आणि वाटेत सांडलं ते कुणाच्या खात्यावर. चिठ्ठी व्यासपीठावर पोहोचली, सूत्रसंचालकांनी पाहिली आणि गड्डीच्या खाली सरकवली. दर पोत्यामागे धान्य थोडं कमी भरलं तर महिन्याच्या शेवटी तो गट किंवा शेवटचं रेशनकार्ड, दोघांपैकी एक उपाशी. त्या संध्याकाळी सभागृहात झालेल्या बोलण्यात धोरणाच्या सर्वांत जवळ हीच चिठ्ठी होती.

याच्या उलटं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. 2002 मध्ये मितानिन योजना आली. गावातल्या वस्तीनेच आपली आरोग्यसेविका निवडायची, ही कल्पना. योजना आखताना सरकारी अधिकारी आणि गावांत काम करणाऱ्या संस्था एकत्र बसल्या, वाद घातले. अशा साठेक हजार बायका उभ्या राहिल्या, आणि 2005 मध्ये देशभर 'आशा' सेविका आल्या तेव्हा हा अनुभव समोर होता. नीट ऐकून घेतलेल्या गोष्टीलाही उणिवा असतात, मितानिनच्या मानधनाचं रडगाणं जुनंच आहे. पण पाया पक्का होता.

आणि धान? एकरी 21 क्विंटल खरेदी, क्विंटलला 3100 रुपये भाव. हे आकडे कुठे जन्मले? 2023च्या विधानसभा निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत. एका पक्षाने 21 आणि 3100 म्हटलं, दुसऱ्याने 20 आणि 3200. लिलावासारखी बोली लागली. शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला याचा मला आनंदच आहे, त्यात तुमच्यातले कित्येक आहेत. पण हमीभाव आणि हा भाव यांतला फरक राज्याच्या तिजोरीतून किती वर्षं निघेल, डाळ-तेलबियांकडे वळू पाहणारा मग कशाला वळेल, उन्हाळी धानाला लागणारं बोअरचं पाणी कुणाचं, हे प्रश्न निवडणुकीआधी शहरातल्या कोणत्या सभागृहात भाव ठरवणाऱ्यांसमोर विचारले गेले? मला तरी आठवत नाही. नंतर मात्र परिसंवाद पुष्कळ झाले.

पाण्यावरून आठवलं. 1920 मध्ये धमतरीजवळच्या कंडेल गावावर कालव्याचं पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने दंड बसवला. गावाने सभा घेतल्या, दंड भरायचा नाही असं ठरवलं आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पंडित सुंदरलाल शर्मांसोबत त्यात नारायणराव मेघावाले हे धमतरीचे मराठी गृहस्थ होते. तिथे विद्यापीठ नव्हतं, वातानुकूलन नव्हतं. पण पाणी ज्याचं आणि दंड ज्याच्या डोक्यावर, तोच सभेत बोलत होता.

तेव्हा आयोजकांपुढे माझी एक सूचना आहे, त्यांच्या कार्यकारिणीने ती मनावर घ्यावी. राज्याचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. व्याख्यानमालेतली एक संध्याकाळ जानेवारीत ठेवा. विषय एकच, पुढच्या हंगामाचं धान. विद्यापीठातून अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक बोलवा, खरेदी केंद्राचा एक व्यवस्थापक, आणि धमतरी किंवा कुरूदकडची एक शेतकरी बाई. तिला छत्तीसगडीत बोलू द्या, आपल्याला कळते. प्रत्येकाला वीस मिनिटं, एक तास श्रोत्यांचा, चिठ्ठ्या नाहीत, हात वर करायचा आणि उभं राहायचं. हारतुरे त्या दिवशी नकोत, त्या पैशात माणूस बसवून सगळं उतरवून घ्या आणि आठवड्याच्या आत मराठी आणि हिंदी दोन्हींत छापून आमदारांच्या घरी पोहोचवा. वक्ते मिळवायची जबाबदारी हवी तर मी घेतो.