आधी मेंदू तपासा!

(नागभीड इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे.)



तुम्ही मुंबई-पुण्याहून, नागपूरहून इथं नागभीडला आलात. येताना धानाच्या बांध्या पाहिल्या असतील, जंगल पाहिलं असेल. मी याच तालुक्यातल्या एका वस्तीतला. मनोविकारशास्त्रात एम.डी. केलं आणि आता बाहेरच्या एका संस्थेत न्यूरोसायकिअॅट्री शिकतो आहे. शिबिराची मंडळी म्हणाली, या शिक्षणाबद्दल बोल, पोरापोरींना वाट दिसेल. बोलतो. पण मी या वाटेला का लागलो ते आधी सांगावं लागेल, आणि ते सांगताना माझी मलाच लाज वाटणार आहे.

2003 सालचा पावसाळा. रोवणीचे दिवस. मी सातवीत. माझी आतेबहीण रोवणीला आमच्याकडं आलेली. सतरा वर्षांची, चिखलात सगळ्या बायांच्या पुढं असायची. दोन दिवस अंग तापलं, डोकं दुखते म्हणाली. मग झोप गेली. एकटीच हसायची, भिंतीशी बोलायची, आत्याला ओळखेना. तोंड चावल्यासारखं हलत राहायचं. एका रात्री हात वर करून ताठ झाली ती कितीतरी वेळ तशीच.

वस्ती म्हणाली, बाहेरचं लागलं. मांत्रिक आला. धूर, लिंबू, कोंबडं. ‘कोण आहेस, सांग’ म्हणत केस धरून त्यानं तिला झोडपलं. तिसऱ्या दिवशी वस्तीच्या कडेला एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या विधवेकडं त्यानं बोट दाखवलं. म्हणे, हिनं करणी केली.

ही वस्ती कुणाची? आपलीच. घराघरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. समाजमंदिरात बावीस प्रतिज्ञा रंगवलेल्या. त्याच भिंतीवरून आम्ही म्हातारीच्या झोपडीवर गेलो. दगड पडले. त्यातला एक माझा होता. ती त्या रात्री लुगडं आणि एक गंज घेऊन गेली, ती परत आली नाही.

बहिणीला शेवटी जीप करून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, मेंटल केस आहे. हातपाय पलंगाला बांधले, झोपेचं इंजेक्शन दिलं. रक्त घेतलं नाही. मान वाकवून पाहिली नाही. ‘तुमच्या लोकांत हे अंगात येणं फार’ असं एक शिकाऊ डॉक्टर हसत म्हणाला. अकराव्या दिवशी ती गेली. कागदावर कारण लिहिलं, हृदय बंद पडून मृत्यू. अरे, मरताना कुणाचं हृदय चालू राहतं?

मांत्रिक म्हणाला भूत, दवाखाना म्हणाला वेड. दोघं एकमेकांचे दुश्मन दिसतात ना? पण त्या पोरीला तपासायचं नाही, यावर दोघांचं एकमत होतं.

एम.डी.ला असताना मी एका आजाराबद्दल वाचलं. 2007 साली जोसेप डाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जगासमोर मांडला. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करते. रोगी बहुतेक वेळा तरुण मुली. आधी ताप, डोकेदुखी. मग भास, बडबड, झोप उडणं, तोंडाचे चाळे, झटके, शरीर ताठ होणं. कधीकधी मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं. गाठ काढली, स्टेरॉइड आणि इतर औषधं वेळेत दिली, तर माणूस परत येतो. 2013 साली 577 रुग्णांचा अभ्यास छापून आला. दोन वर्षांनंतर ज्यांची खबर मिळाली, त्यांतले पाचांतले चार जण चांगले सावरले होते. मी ते पान वाचलं आणि लायब्ररीतून उठून बाहेर गेलो.

माझ्या बहिणीला तेच झालं होतं, असं मी छाती ठोकून सांगणार नाही. डॉक्टरनं असं बोलू नये. आणि 2003 साली तो आजार जगालाच माहीत नव्हता, हेही खरं. पण मलेरियाचा जंतू रक्तात लाव्हरानला 1880 सालीच दिसला होता. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासणं 1891 पासून चालू आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात तापानं फणफणलेली पोरगी बडबडते, तर मेंदूचा मलेरिया आठवायला नवं संशोधन लागतं का? आम्हाला काहीच कळलं नाही, कारण कुणी काही पाहिलंच नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

न्यूरोसायकिअॅट्री म्हणजे काय, ते आता सोपं होईल. न्यूरॉलॉजीवाला पक्षाघात, मिरगी, कंप बघतो. सायकिअॅट्रीवाला भास, संशय, उदासी बघतो. पण माणसाला मेंदू एकच. मिरगीच्या रोग्याला भास होतात. पक्षाघातानंतर माणूस महिनोन्‌महिने उदास होतो. पार्किन्सनच्या म्हाताऱ्याला घरात नसलेली माणसं दिसतात. या दोन खात्यांच्या मधल्या बांधावर जे रोगी पडून राहतात, त्यांना उचलणारी ही विद्या आहे.

आपल्या भागात या बांधावर कोण पडलंय ते बघा. सिकलसेलचं पोरगं, ज्याच्या मेंदूची रक्तवाहिनी तुंबली आणि शाळेत मास्तर म्हणतो मठ्ठ आहे. मिरगीची पोरगी, जिचं लग्न मोडतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट औषध मिळालं तर मिरगीच्या शंभरातल्या सत्तर रोग्यांचे झटके थांबू शकतात. फेनोबार्बिटोन हे स्वस्तातलं औषध 1912 पासून वापरात आहे. मेंदूत पट्टकृमीच्या अळ्या जाऊनही झटके येतात. त्यावर हसून म्हणतात, डुकरं खाता म्हणून! साफ खोटं. त्या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीत येतात. डुकराचं नावही न घेणाऱ्याला हा आजार होतो. दोष संडास आणि स्वच्छ पाणी न देणाऱ्या व्यवस्थेचा, आणि शिवी आपल्याला.

पण मित्रहो, या विद्येला हार घालून पूजू नका. तिचे हात रक्तानं भरलेले आहेत. 1851 साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं एक रोग शोधला, ड्रॅपेटोमेनिया. लक्षण काय? गुलामाला पळून जावंसं वाटणं! अल्जीरियात फ्रेंचांचा आंत्वान पोरो न्यूरोसायकिअॅट्रीच्या नावाखाली सांगायचा की तिथल्या माणसाचा मेंदूच खालच्या दर्जाचा. आपल्याकडं रिस्लेनं नाकं मोजून जाती लावल्या. 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि तो शिक्का 1952 पर्यंत पुसला नाही.

हे खोडायला कोण उभा राहिला? फ्रांझ फॅनन. तुमच्यातल्या पुष्कळांनी त्याचं नाव घोषणांत ऐकलंय. पण तो आमच्याच धंद्यातला, हे ध्यानात ठेवा. मार्टिनिकचा काळा पोरगा फ्रान्सात लियोंला डॉक्टरी शिकत होता. वंशवादानं काळ्या माणसाच्या मनाचं काय होतं, त्यावर त्यानं प्रबंध मांडला, तो चालला नाही. मग 1951 साली त्यानं मज्जासंस्थेच्या एका आनुवंशिक आजारात मन कसं बिघडतं, त्यावर प्रबंध लिहून पदवी घेतली. म्हणजे अस्सल न्यूरोसायकिअॅट्री! आणि आधीचं लिखाण 1952 मध्ये पुस्तक म्हणून काढलं. पुढं अल्जीरियात ब्लिदाच्या इस्पितळात रोग्यांच्या बेड्या ढिल्या केल्या आणि 1956 साली राजीनामा दिला. मेंदूही शिकला आणि सत्ताही ओळखली. आपल्याला दोन्ही पाहिजे.

कारण उलटी चूकही होते. 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पायल तडवी या आदिवासी समाजातल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीनं जीव दिला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप घरच्यांनी केला, प्रकरण कोर्टात गेलं. अशा वेळी ‘डिप्रेशन होतं’ म्हणून फाइल बंद करणारे ताबडतोब पुढं येतात. जिथं मेंदू तपासायचा तिथं जात बघतात, आणि जिथं जात तपासायची तिथं मेंदू दाखवतात. हा डाव ओळखा.

आता वाट. एम.बी.बी.एस. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग नीट पीजी देऊन सायकिअॅट्रीत तीन वर्षं एम.डी. इथवर आपलं आरक्षण आहे. केंद्राच्या अखिल भारतीय कोट्यात ते यायलाही 2007 उजाडलं! पुढं न्यूरॉलॉजीत डी.एम. करायचं तर मेडिसिनचं किंवा बालरोगाचं एम.डी. लागतं. सायकिअॅट्रीवाल्याला ते दार बंद. आणि सुपरस्पेशालिटीच्या प्रवेशात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षणच नाही. 1999 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्या पातळीवर फक्त गुणवत्ता. म्हणजे मेंदूच्या दारात आलं की मेरिट! बंगलोरला निम्हान्स आहे, 1974 साली उभी राहिलेली. तिथं मन आणि मेंदू एका आवारात शिकवतात. परदेशात जायचं तर राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, अर्ज करा. डॉक्टर न होताही या कामात येता येतं. नर्स व्हा, मानसोपचार समाजकार्य शिका, ईईजी काढणारे तंत्रज्ञ व्हा. ज्याच्या हातात तपासणी आहे त्याच्या हातात निकाल असतो.

आणि जे यातलं काहीच होणार नाहीत, त्यांनी तीन कामं करायची. एक, ताप आणि अचानक बदललेलं वागणं एकत्र दिसलं की एक दिवस थांबायचं नाही. दवाखाना गाठायचा. दोन, तिथं पेशंटला बांधायला लागले तर विचारायचं, रक्त पाहिलं का? मान ताठ आहे का पाहिलं? पाठीतलं पाणी, मेंदूचा फोटो? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं वाटेल तेव्हा बांधून ठेवायला मनाई आहे. दुसरा उपायच नसेल तरच, आणि नोंद करून. तीन, वस्तीत कुणा बाईचं करणीत नाव निघालं की आधी तिच्या दारात जाऊन उभं राहायचं. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा आला. तरी ऑगस्ट 2021 मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायांना बांधून मारलं. कायदा दारात उभा राहत नाही, माणसाला राहावं लागतं.

त्या म्हातारीला मी नंतर शोधलं. कुणी सांगे ब्रह्मपुरीकडं गेली, कुणी सांगे मेली. सापडली नाही. बहिणीबद्दल मी व्यवस्थेला शिव्या देऊ शकतो, आणि देतो. म्हातारीचा हिशेब मात्र माझ्या हाताचा आहे. बावीस प्रतिज्ञा मला तेव्हाही पाठ होत्या. पोरगी का बडबडते, एवढं सांगणारं आमच्यात कुणी नव्हतं, आणि म्हणून दगड हाती आला. ते सांगणारं माणूस आता प्रत्येक वस्तीत पाहिजे. तुमच्यातल्या दोघांनी जरी हे मनावर घेतलं तरी मी इथं आलो त्याचं सार्थक झालं.

जय भीम.