‘छान आहे’ ही नुसती पोच झाली



‘मराठी माणूस वाचत नाही’ असे अध्यक्षाने कळवळून सांगायचे आणि वाचणाऱ्यांनीच ते मान खाली घालून ऐकायचे, अशी आपल्या मेळाव्यांची रीत आहे. आज मी ती मोडणार आहे. 1967 साली आलेल्या ‘मृत्युंजय’ कादंबरीच्या आवृत्त्या अजून निघतात. विश्वास नांगरे पाटलांचे ‘मन में है विश्वास’ स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी उचलून धरले. ‘इकिगाई’ मराठीत येऊन खपते. वाचनालयांतले दिवाळी अंक दिवाळी सरून कितीतरी दिवस झाले तरी हातोहात फिरत असतात. तेव्हा ‘वाचत नाहीत’ या तक्रारीचा अर्थ पुष्कळदा ‘आमचे वाचत नाहीत’ एवढाच असतो. आटले आहे ते वाचलेल्याविषयी कारणासह बोलणे. ‘अप्रतिम’, ‘आवर्जून वाचा’, ‘छान आहे’ एवढे म्हटले, की आपले मत देऊन झाले असे आपण समजतो. पार्सल मिळाल्यावर सही करावी, तशी ही नुसती पोच झाली.

कारणासह दिलेला नकार काय करू शकतो, हे आपल्याच इतिहासात पाहा. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने 1878 साली पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. 1885 च्या सभेचे आमंत्रण मात्र जोतीराव फुले यांनी नाकारले, आणि का नाकारले तेही पत्राने कळवले: जे इतरांना माणुसकीचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आपला मेळ बसणार नाही. सभेचे इतिवृत्त आज किती जणांना आठवते? ते पत्र आठवते. पुढे 1974 साली ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभी राहिली आणि 1978 साली तिनेच दया पवारांचे ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन काढले. त्या पुस्तकावर नुसती स्तुतिसुमने उधळली गेली नाहीत. आपले उणे चव्हाट्यावर का मांडले, असा जाब दलित वाचकांमधूनही विचारला गेला. त्या वादाने पुस्तक खुजे झाले नाही. दोनच वर्षांनी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले आणि आत्मकथनांची वाट रुंदावत गेली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की यशाचे मंत्र सांगणारी आणि परीक्षेची पुस्तके वाचणे हे वाचनच नव्हे. मग तालुक्याच्या अभ्यासिकेत राज्यघटना आणि इतिहास घेऊन दिवसभर बसलेला मुलगा काय करतो आहे? त्याच्या हातातले पुस्तक पोकळ असेल, तर तसे दाखवून देणे आपले काम होते. आपण नाक मुरडले आणि निवड जाहिरातीवर सोडून दिली. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: समीक्षेला व्यासंग लागतो, ज्याने त्याने मत दिले तर गोंगाट माजेल. व्यासंग लागतो, हे मला मान्य आहे. पण व्यासंगी समीक्षकालाही कसाला लावायला कुणाचे तरी रोखठोक मत समोर लागते. गोंगाट होतो तो कारण न देता बोलल्याने. ‘साठाव्या पानावर सोडले, कारण पात्रे लेखकाचीच भाषा बोलतात’ एवढे जो वाचक सांगतो, त्याने समीक्षेचे पहिले पाऊल टाकलेले असते.

म्हणून माझी मागणी ग्रंथालयांकडे आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने आपली गावोगावची वाचनालये अनुदानाच्या चौकटीत आली. तिथे पुस्तके मोजली जातात, सभासद मोजले जातात. मते मोजता येत नाहीत, पण ती लिहून घेता येतात. देवघेवीच्या टेबलावर एक जाड वही ठेवा. पुस्तक परत करताना सभासदाने दोन ओळी लिहाव्यात: आवडले तर का, सोडले तर कुठे. नवी खरेदी ठरवायला समिती बसेल, तेव्हा शासनमान्य यादीच्या शेजारी ही वहीही उघडी असू द्या. आणि त्या वहीत माझ्या पुस्तकांवर फुली मारली गेली, तर तेवढे पान फाडू नका.