जुनी बंदूक, नवा छर्रा आणि खिशाचं गणित

आजचा विषय जरा हटके आहे: पणजोबांच्या काळातली शॉटगन आणि तिला चालणारा बिनविषारी छर्रा.

आधी मूळ भानगड समजून घेऊ. शॉटगनच्या काडतुसात बारीक छर्रे असतात, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या शिशाचे होते. पाणथळ जागी पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात. पोटात ते झिजतात, शिसं रक्तात उतरतं. एक-दोन छर्रेही बदकाला मारायला पुरतात. म्हणून अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं देशभर बंद केलं. इंग्लंडने १९९९ मध्ये तेच केलं. कॅलिफोर्नियात २०१९ पासून कुठल्याच शिकारीत शिसं चालत नाही.

मग स्टील वापरा की, स्वस्तही आहे! पण घोळ इथेच आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या बंदुकीची नळी पातळ, आणि तोंडाशी बऱ्याचदा चांगलीच निमुळती. मऊ शिसं तिथून दबून निघतं. स्टील दबत नाही, मग नळीच फुगू शकते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर नवं अपडेट जुन्या मशीनला झेपत नाही.

उपाय म्हणजे बिस्मथ. शिशाची घनता ११.३, स्टीलची ७.८, बिस्मथची ९.८. स्टीलपेक्षा बराच मऊ, त्यामुळे धडधाकट जुन्या नळीला चालतो. पण किंमत बघा. अमेरिकेत शिशाचं साधं काडतूस अर्ध्या डॉलरच्या आसपास, बिस्मथचं साधारण दोन डॉलर. दिवसाला ५० काडतुसं धरली, तर २५ डॉलरचे झाले १००. टंगस्टनचे मऊ मिश्रणातले छर्रेही मिळतात, पण ते आणखी महाग.

आणि गंमत अशी, की बराचसा बिस्मथ शिसं शुद्ध करतानाच हाती लागतो. सर्वात मोठा उत्पादक चीन. त्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि भाव बघता बघता कित्येक पट चढले.

माझं मत विचाराल, तर बंदी योग्यच आहे. शिसं स्वस्त वाटायचं, कारण त्याचं अर्धं बिल बदकं भरत होती. आता ते बंदूकवाल्याच्या खिशातून जातंय, एवढंच. फक्त कोणाकडे अशी बंदूक असेल, तर आधी जाणकार कारागिराकडून नळी आणि चेंबरची लांबी तपासून घ्या. ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस घालू नका. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

भेटू पुढच्या भागात!