ग्रंथदान आणि वाचकाचा हक्क

(ग्रंथालय कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

गावातले किंवा वस्तीतले वाचनालय चालविण्याची जबाबदारी आपल्यापैकी अनेकांच्या खांद्यावर आहे. म्हणून कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दोन मिनिटांत निकालात निघणारा एक प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. कोणी पुस्तके देऊ केली तर ती घ्यावीत काय, आणि घेतली तर त्यांचे काय करावे? ‘फुकट मिळतात, घेऊन टाका’ हे आपले ठरलेले उत्तर. ते उत्तर चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक अनुभव सांगतो. मी ज्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो, तेथे एका प्रतिष्ठित घराण्याने दिवंगत वडिलांचा संग्रह देऊ केला. अट एवढीच, की तो स्वतंत्र कपाटांत राहावा व कपाटांवर वडिलांचे नाव असावे. आम्ही आभाराचा ठराव केला आणि कपाटांना जागा हवी म्हणून बालविभाग जिन्याखाली हलविला. पुढे कपाटे नीट तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक पुस्तके कालबाह्य क्रमिक पुस्तके व संस्थांचे जुने अहवाल निघाले, आणि त्यांच्यासोबत आलेली वाळवी शेजारच्या कपाटात शिरलेली दिसली. जिन्याखालच्या अंधारात बसणारी मुले तोवर येईनाशी झाली होती. दोष देणाऱ्यांचा नव्हता. त्यांनी श्रद्धेने दिले. दोष आमचा होता. सार्वजनिक जागा आम्ही एका कुटुंबाच्या स्मृतीला वाहिली आणि तिची किंमत मुलांनी मोजली.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे त्यातले पहिले; प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हे दुसरे. या दोन्हींत दाता कोठेच नाही. फळीवर पहिला अधिकार वाचकाचा आहे. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असे पाचवे सूत्र सांगते. परंतु वाढ म्हणजे केवळ संख्या नव्हे. जुनी पाने झडल्याखेरीज झाड वाढत नाही.

येथे कोणी म्हणेल, की आपली ग्रंथालये दानावरच उभी राहिली. खरे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली व मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले, ते लोकांच्या वर्गणीच्या आणि ग्रंथप्रेमाच्या बळावर. त्या परंपरेचा मला आदर आहे. परंतु सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून बडोदे संस्थानात जी ग्रंथालय चळवळ उभारली, तिच्यात लोकांच्या वर्गणीला सरकारच्या पैशाची जोड होती. वाचन ही राज्याची जबाबदारी आहे, हा विचार त्यामागे होता. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तोही याच विचाराने. मात्र १९४८ च्या मद्रासच्या कायद्याप्रमाणे त्यात ग्रंथालय उपकराची तरतूद केली नाही. ग्रंथालये संस्थांनी चालवावीत व सरकारने वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यावे, अशी आपली रचना. ही वर्गवारी ठरविताना ग्रंथांची संख्याही पाहिली जाते. मग वरचा वर्ग मिळावा म्हणून गोणीभर दान दाखल नोंदवहीत चढविण्याचा मोह होतो. नोंदवही फुगते, वाचक मात्र रिकाम्या हाताने परततो.

मुद्दा वर्गाचा आहे, मित्रहो, आणि तो केवळ अनुदानाच्या वर्गाचा नाही. सुखवस्तू घराने घर बदलताना जे टाकले, तेच कामगाराच्या मुलीने वाचावे काय? ग्रंथखरेदीची जागा दानाने घेतली, की गरिबाने काय वाचावे हे श्रीमंताची माळा-सफाई ठरविते. शिवाय जुने पुस्तक नेहमी निरुपद्रवी नसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. जुन्या संहितेचे मार्गदर्शक आजही ‘कायदा’ विभागात चालू कायदा म्हणून उभे असेल, तर ते गरजू माणसाची फसवणूक करते.

मग दान नाकारावे काय? मुळीच नाही, ते नियमाने घ्यावे. दान बिनशर्त असावे आणि तसे दात्याकडून लेखी घ्यावे. ग्रंथपाल व ग्रंथनिवड समितीने प्रत्येक पुस्तक पाहावे. कसर-वाळवी लागलेले आत आणूच नये. ठेवावयाचे ते दाखल करून आतील पानावर दात्याच्या नावाची चिठ्ठी लावावी. एवढा सन्मान पुरेसा आहे. उरलेले शाळेला किंवा दुसऱ्या वाचनालयाला द्यावे. रद्दीत घालायचे ते ठराव करून, यादी फलकावर लावून घालावे व आलेला पैसा खरेदीत जमा करावा. वार्षिक पडताळणीनंतर निर्लेखनही असेच उघडपणे, नियमानुसार व्हावे. चोरून विकलेल्या एका पुस्तकाने लोकांचा जो विश्वास जातो, तो शंभर खरेदी केलेल्या पुस्तकांनी परत येत नाही.

काही दान मात्र आपण होऊन मागायला जावे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील पत्रके, १९८२ च्या गिरणी संपातील हस्तपत्रके, गावच्या सहकारी संस्थेची जुनी इतिवृत्ते, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांचे अंक: हे कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि घरातला म्हातारा गेला की रद्दीवाल्याकडे जाते. कष्टकऱ्यांचा इतिहास असाच नाहीसा होतो. आपल्याकडे ते जतन करण्याची सोय नसेल, तर ज्या संस्थेकडे ती आहे तेथे पोचवावे.

शेवटी थोडे आपल्याविषयी. आपणही दाते आहोत. पुढाऱ्याच्या गौरवग्रंथाच्या वीस प्रती वाचनालयाला ‘भेट’ देणारे आपणच असतो. एक प्रत पुरे. आणि आपल्या विरोधकाचे चांगले पुस्तक कोणी आणून दिले, तर तेही त्याच कसोटीवर स्वीकारले पाहिजे. जो नियम आपण घराण्यांना लावतो, तो पक्षालाही लावला, तरच वाचनालय सार्वजनिक या नावाला पात्र ठरेल.

परत जाल तेव्हा आधी कुलूपबंद कपाटे उघडा. त्यांत कोणाची जागा अडकली आहे ते पाहा, आणि ती तिच्या धन्याला, म्हणजे वाचकाला, परत करा.