वाफेची इंजिने आणि ती जाणणारे हात



मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली प्रवासी आगगाडी निघाली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, दुपारी साडेतीनच्या सुमारास. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी आणि गाडी ओढण्यास साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने, हा तपशील शाळकरी मुलांनाही पाठ असतो. ती तीन इंजिने आज कोठे आहेत, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्यांपैकी एकही जतन झालेले नाही. ज्या यंत्रांनी या देशातील दळणवळणाचे युग पालटले, त्यांची नावे तेवढी मागे राहिली.

वाफेच्या इंजिनाचा विषय निघताच पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा स्वर हळवा होतो. खिडकीबाहेर डोकावताना डोळ्यात गेलेला कोळशाचा कण, पांढऱ्या सदऱ्यावर बसलेली काजळी, अपरात्री दुरून ऐकू येणारी शिट्टी, हे सारे आता गोड वाटते. डोळ्यात गेला त्या वेळी तो कण गोड वाटला नव्हता, हेही खरेच. आणि ही इंजिने बंद करण्याचा निर्णय योग्य होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जळणाऱ्या कोळशातील उष्णतेचा दहावा हिस्सादेखील चाकांपर्यंत पोहोचत नसे. गाडीच्या वेळेपूर्वी कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागे, वाटेत पाणी भरावे लागे, मुक्कामी राख काढावी लागे. आणि भर उन्हाळ्यात भट्टीच्या तोंडाशी उभे राहून फायरमनला टनावारी कोळसा फावड्याने आत लोटावा लागे. चित्तरंजन येथील कारखान्याने १९५० पासून २३५१ वाफेची इंजिने बांधली आणि १९७२ मध्ये हे उत्पादन थांबविले. रुंदमापी मार्गावरील शेवटची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबात जालंधर व फिरोजपूर यांच्या दरम्यान धावली.

तेव्हा प्रश्न ही इंजिने पुन्हा रुळांवर आणण्याचा नाही. जतन करावयाचे ते नेमके काय, हा आहे.

सर्वसाधारण समजूत अशी की, जुने इंजिन रंगवून चौथऱ्यावर उभे केले म्हणजे जतनाचे काम झाले. नवी दिल्लीत चाणक्यपुरी येथे १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने याहून पुष्कळ मोठे कार्य केले आहे. अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये बांधलेले, संपूर्णपणे भारतात तयार झालेले पहिले इंजिन तेथे पाहावयास मिळते. आपल्या नेरळ-माथेरान मार्गावरचे एक चिमुकले इंजिनही तेथेच आहे. परंतु स्थानकांच्या व कार्यालयांच्या आवारांत उघड्यावर उभ्या केलेल्या इंजिनांची स्थिती वेगळी असते. बाहेरून रंगाचा ताजा हात दिलेला असतो आणि आत राहिलेली राख व पावसाची ओल मिळून पत्रा खात असतात. पितळी भाग हळूहळू नाहीसे होतात. दहा-पंधरा पावसाळ्यांनंतर उरते ते इंजिनाच्या आकाराचे लोखंड.

याहूनही नाजूक वस्तू दुसरी आहे. ती म्हणजे इंजिन जाणणाऱ्या माणसांची विद्या. वाफेच्या इंजिनाचे तत्त्व साधे आहे. भट्टीतील तप्त वायू बॉयलरमधील नळ्यांतून जातो, पाण्याची वाफ होते, ती सिलिंडरमधील दट्ट्या ढकलते आणि दांड्याच्या योगे चाक फिरते. पुढची युक्ती मात्र विलक्षण आहे. काम करून सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून वर सोडतात. ती जाताना भट्टीतील धूर ओढून नेते आणि त्याच्या जागी ताजी हवा आत शिरते. इंजिन जितका जोर लावील, तितकी आग आपोआप भडकते. मुलांच्या तोंडची ‘झुकझुक’ म्हणजे या वाफेचाच श्वास होय. नेहमीच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार ठोके पडतात आणि मुरब्बी ड्रायव्हर त्या ठोक्यांच्या तालावरून झडपा बरोबर बसल्या आहेत की नाहीत, हे ओळखीत असे. भट्टीच्या माथ्यावरील पत्र्यावर सदैव पाणी असावे लागते. ते उतरले तर पत्रा तापून मऊ पडतो आणि बॉयलर फुटण्याचे संकट उभे राहते. म्हणून माथ्यात शिशाचा प्लग बसविलेला असतो. तो वितळला की वाफ भट्टीत शिरून इशारा देते. तथापि तो प्लग वितळण्याची पाळी येऊ न देणे हीच खरी फायरमनकी. चढ संपून उतार लागताच बॉयलरमधले पाणी पुढच्या बाजूस सरकते, हे ध्यानी ठेवून तो आधीच तजवीज करी. नियमपुस्तकात हे लिहिलेले असते. पण हाताला ते वळण अनुभवानेच पडते.

जेथे हे हात टिकले तेथे इंजिनेही टिकली. ‘फेअरी क्वीन’ हे १८५५ मध्ये इंग्लंडात बांधलेले इंजिन १९०९ मध्ये सेवेतून निवृत्त झाले होते. मद्रासजवळच्या पेरांबूर कारखान्यातील कारागिरांनी ते दुरुस्त केले आणि १९९७ मध्ये, तब्बल ८८ वर्षांनी, ते पुन्हा धावले. निलगिरीच्या डोंगरी मार्गाची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. दात्यांच्या रुळावरून चढणारी तेथील जुनी स्विस इंजिने थकली, तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने त्याच धर्तीची नवी वाफेची इंजिने बांधली. त्यांतील पहिले २०११ मध्ये पूर्ण झाले. एकविसाव्या शतकात नवे वाफेचे इंजिन बांधता आले, कारण त्या मार्गावर वाफ कधी पूर्णपणे थांबलीच नव्हती. दार्जिलिंगचेही असेच. युनेस्कोने १९९९ मध्ये दार्जिलिंगला व २००५ मध्ये निलगिरीला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

महाराष्ट्राकडे पाहता हा वारसा मुख्यतः छोट्या रुळांचा आहे. माथेरानची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. त्याच्या दहा वर्षे आधी, १८९७ मध्ये, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीचा मार्ग टाकला. इंजिनाचे व डब्यांचे वजन सर्व आसांवर सारखे वाटून, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ न देता, हलक्या रुळांवरून भरपूर माल नेण्याची त्याची कल्पना पुढे अन्यत्रही अनुसरली गेली. हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला व १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. वारीच्या दिवसांत टपापर्यंत भरलेल्या त्या गाड्या सोलापूर जिल्ह्यातील वृद्धांना आजही आठवतात. आता तो सारा मार्ग रुंदमापी झाला आहे, आणि ते व्हावयासच हवे होते. विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या ‘शकुंतले’च्या मार्गावर मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बांधलेले इंजिन सत्तर वर्षांहून अधिक काळ राबले, १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. नागपूरला मोतीबाग येथे २००२ मध्ये अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले, ही समाधानाची बाब आहे.

परंतु १५ एप्रिल १९९४ ही तारीख जरा निरखून पाहावी. त्या दिवशी चाळिशीत असलेला ड्रायव्हर आज सत्तरीच्या पलीकडे गेला आहे. पंचविशीतला खलाशीही साठीकडे झुकला आहे. कुर्डुवाडी, मूर्तिजापूर, नेरळ, दौंड, भुसावळ या गावांतून अशी माणसे अद्याप भेटतात. आणखी दहा-पंधरा वर्षांनी भेटतीलच असे नाही. लोखंड गंजण्यास वेळ लागतो, तितका वेळ येथे हाताशी नाही.

या कामास मोठा निधी लागत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. बंद स्थानकातील कंदील, घंटा वा जुनी नोंदवही उचलून घरी नेणे हे जतन नव्हे. ती रेल्वेची मालमत्ता आहे आणि तिची सूचना रेल्वे प्रशासनास देणे हेच उचित. ग्रामपंचायतीला करता येण्याजोगे काम निराळे आहे. गावातील निवृत्त रेल्वे कामगारांची यादी करावी आणि ती शाळेकडे द्यावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील दोन-दोन विद्यार्थी एकेका वृद्धाकडे पाठवावेत, त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, मग त्याच्याच शब्दांत उतरवून काढावे. शब्द सुधारण्याचा मोह टाळावा. इंजिनाच्या भागांना शेडमध्ये मराठी, हिंदी व इंग्रजी मिसळून जी नावे पडली, ती कोशांत क्वचितच सापडतील. उतरविलेल्या मजकुराची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात आणि एक जिल्ह्याच्या संग्रहालयात ठेवता येईल.

‘तुमचा अनुभव सांगा’ असे विचारल्यास म्हातारा माणूस दोन वाक्यांत आटोपतो. प्रश्न नेमके हवेत. रात्रभर आग कशी राखीत असत? ओला कोळसा आला तर काय करीत? पाणी कमी झाल्याचे काचेकडे न पाहता कसे कळे? पावसात चाके घसरू लागली की वाळू केव्हा सोडीत? शिट्टी ऐकून कोणता ड्रायव्हर आला हे घरच्यांना ओळखता येई काय? आणि हा शेवटचा प्रश्न त्याच्या पत्नीलाही अवश्य विचारावा.