तळाची ओळ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'तू छापखानेवाला, छपाईवरच काहीतरी बोल, आणि जेवण थंड व्हायच्या आत आटप,' एवढीच सूचना मला मिळाली आहे. म्हणून मी माझ्या रोजच्या कामातल्या एका लहानशा गोष्टीवर बोलणार आहे. हँडबिल, म्हणजे पत्रक, आपण सगळे बघतो. त्याच्या अगदी तळाला बारीक टायपात एक ओळ असते : मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, पत्ता. ती ओळ कोणी वाचत नाही. पण त्या ओळीवरून पूर्वी मोठी भांडणे झाली आहेत. त्यातले सर्वांत मोठे भांडण साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात झाले.

१६४२ साली इंग्लंडात राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. समोरचा सिंहगड तेव्हा कोंढाणा होता. जानेवारी १६४९ मध्ये लंडनला चार्ल्सचे मुंडके उडवले, आणि त्याच वर्षी शहाजीराजांच्या सुटकेसाठी शिवाजीमहाराजांना कोंढाणा आदिलशहाला परत द्यावा लागला. म्हणजे ही गोष्ट आपल्या ओळखीच्याच काळातली आहे.

युद्धाच्या आधी तिथे छपाईवर कडक बंधन होते. जॉन लिलबर्न नावाच्या तरुणाने हॉलंडमध्ये छापलेली बंदी असलेली पुस्तके इंग्लंडात आणली, या आरोपावरून १६३८ साली त्याला लंडनच्या रस्त्यांतून फटके मारत नेले आणि चौकात खोड्यात अडकवून उभे केले. गड्याने तिथे उभ्याउभ्या खिशातली पत्रके काढून गर्दीत फेकली! ही शिक्षा देणारे राजाचे स्टार चेंबर न्यायालय पार्लमेंटने १६४१ साली मोडीत काढले. बंधन सुटले आणि कागदांचा पूर आला.

आपल्या धंद्याच्या हिशेबाने सांगायचे तर यंत्र लाकडी, हाताचे. दोन माणसे लागत. एक जण कातडी गोळ्यांनी खिळ्यांना शाई लावी, दुसरा दांडा ओढून दाब देई. कागदाच्या एका तावाला दोन घड्या घातल्या की आठ पानांचे पत्रक तयार. सकाळी घडलेली गोष्ट दोन दिवसांत बाजारात. राजाच्या बाजूचे बातमीपत्र ऑक्सफर्डहून निघे, त्याला उत्तर देणारे लंडनहून. लंडनच्या जॉर्ज थॉमसन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने हे कागद जमवायला घेतले. एकट्या १६४२ सालचे सुमारे २,००० आणि वीस वर्षांत मिळून सुमारे २२,००० कागद त्याने जपले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याने आणखी एक शहाणपणाचे काम केले. बहुतेक कागदांवर त्याने स्वतःच्या हाताने तारीख टाकली. कोणती अफवा आधी आली आणि कोणती नंतर, हे आज कळते ते त्या तारखांमुळे.

अफवांना तर तोटाच नव्हता. राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट घोडदळाचा सेनापती होता. त्याच्याजवळ बॉय नावाचा पांढरा कुत्रा होता. हा कुत्रा चेटक्या आहे, त्याला गोळी लागत नाही, असे छापून आले. कोणी हसले, कोणी घाबरले. १६४४ च्या मार्स्टन मूरच्या लढाईत तो बिचारा मेला, तेव्हा त्याच्या मरणावरही पत्रक निघाले.

कुत्र्याची गोष्ट हसण्यावारी जाईल. पुढची जाणार नाही. ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडात उठाव झाला. त्यात प्रोटेस्टंट वसाहतवाल्यांच्या खऱ्याच कत्तली झाल्या. पण लंडनच्या छापखान्यांनी त्या अनेक पटींनी फुगवल्या. मेलेल्यांचे आकडे लाखांवर नेले, क्रौर्याची चित्रे छापली. पुष्कळशा पत्रकांवर ना लिहिणाऱ्याचे नाव, ना पाहणाऱ्याचे. आठ वर्षे लोकांनी हेच वाचले. सप्टेंबर १६४९ मध्ये क्रॉमवेलने आयर्लंडातले ड्रॉहेडा शहर घेतले, तेव्हा शरण आलेल्यांनाही सोडले नाही. त्या निष्पापांच्या रक्ताचा हा देवाने घेतलेला सूड, असे त्याने कळवले. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! १६४१ च्या उठावात ड्रॉहेडा बंडखोरांकडे नव्हतेच. उलट बंडखोरांनी त्याला वेढा घातला होता आणि ते शहर त्यांच्याविरुद्ध टिकून राहिले होते. कागदावरचा राग भलत्याच माणसांवर निघाला.

यावर उपाय काय, हा प्रश्न तेव्हाही होताच. पार्लमेंटने दोन उपाय केले. जानेवारी १६४२ मध्ये हुकूम काढला की लेखकाच्या नावाशिवाय आणि संमतीशिवाय मुद्रकाने काही छापू नये. ही झाली आपली तळाची ओळ. पण तेवढ्याने भागेना, म्हणून जून १६४३ मध्ये छापण्याआधी परवाना घेण्याची सक्ती केली. कवी जॉन मिल्टनने १६४४ साली या परवान्याविरुद्ध 'अॅरिओपजिटिका' हे पत्रक काढले, तेही परवान्याशिवाय, पण स्वतःचे नाव घालून. त्याचे म्हणणे साधे होते. छापण्याआधी तोंड दाबू नका. नाव असू द्या आणि छापल्यावर काही वाईट निघाले तर जाब विचारा. लिलबर्नही नाव घालून लिहीत राहिला. आता पार्लमेंटवाल्यांवर टीका केली म्हणून १६४९ साली त्यांनीच त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला, आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले.

आपल्याकडे त्या काळी काय होते? छापखाना गोव्यात १५५६ सालीच आला होता. फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण तिथे १६१६ साली छापले गेले, पण रोमन अक्षरांत. राज्याभिषेकाच्या वर्षी, १६७४ मध्ये, सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांच्या खटपटीने कंपनीचा मुद्रक हेन्री हिल्स मुंबईला आला. पण त्याला छापता येत होते, आपल्या अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. ते काम तिथेच अडले.

तेव्हा मावळातले राजकारण चालले ते हाताने लिहिलेल्या, शिक्का मारलेल्या कागदांवर. अफजलखान आला तेव्हा, जून १६५९ मध्ये, आदिलशहाने कान्होजी जेध्यांना फर्मान धाडले की खानाला सामील व्हा. मावळचे देशमुख दोन बाजूंना वाटले गेले. खंडोजी खोपडे खानाकडे गेला. कान्होजी मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी, ही लहान गोष्ट नव्हे. मला यात एक दिसते. त्या कागदावर कोणी पाठवला ते होते, कोणाला पाठवला ते होते, तारीखही होती. म्हणून उत्तरही नावानिशी द्यावे लागले.

इथे कोणी म्हणेल, बिननावाचे प्रत्येक पत्रक वाईटच का? नाही. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांची पत्रके बिननावाची होती. आणीबाणीतही रात्री सायक्लोस्टाईलवर काढलेले कागद हातोहात गेले. नाव घातले तर तुरुंग होता. म्हणून मी एक कसोटी ठेवली आहे. लिहिणारा सत्तेच्या भीतीने नाव लपवतो आहे, की शेजाऱ्याला जाब द्यावा लागेल म्हणून? पहिल्याला मी मान देतो, दुसऱ्याला नाही.

आज आपल्याकडे कायदा आहे. छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण हवे, हे इंग्रज सरकारने १८६७ सालीच ठरवले होते, आणि तो कायदा २०२४ पर्यंत होता. हेतू आपल्यावर नजर ठेवण्याचा होता, हे उघड आहे. स्वातंत्र्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२७-अ आले. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे-पत्ते हवेत. प्रकाशकाने सही करून द्यायची, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्ष द्यायची. मोडले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका निवडणुकीत रात्री दहाला एक गृहस्थ माझ्याकडे आले. एका बाईंच्या चारित्र्याबद्दल मजकूर होता. 'दुप्पट पैसे घ्या, फक्त खालची ओळ नको,' म्हणाले. मी म्हटले, 'दादा, ओळीत तुमचे नाव घाला, मग बोलू.' ते कागद उचलून निघून गेले. मी काही शूर नाही. त्या ओळीने माझे काम सोपे केले.

आता मात्र छापखाना प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्याला तळाची ओळ नाही. आपल्या बॅचच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात येते : 'खडकवासल्यातून एवढे क्युसेक पाणी सोडले, ताबडतोब पुढे पाठवा.' कधीचे? कोणी सांगितले? काही नाही. कधी तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ असतो. आपण धरणाच्या काठी वाढलेली माणसे. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि मग आपले धरण फुटले, त्याच्या आठवणी आपल्या घरांत अजून आहेत. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरले, तेही आपण पाहिले. खोट्या निरोपांनी लोकांचे कान इतके किटले की खऱ्या निरोपाकडेही ते दुर्लक्ष करतील, याची मला भीती वाटते. तसे झाले तर नदीकाठच्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे, समितीने ती ठरावात घ्यावी. आपल्या ग्रुपवर कोणताही निरोप पुढे पाठवताना शेवटी तीन गोष्टी लिहायच्या : कोणाकडून आला, कोणत्या तारखेचा आणि किती वाजताचा, आणि पाठवणाऱ्याचे स्वतःचे नाव. नाव घालायला हात अडखळला तर निरोप पाठवायचा नाही. सरकारी परवाना नको आणि ग्रुपवर सेन्सॉरही नको, एवढी ओळ पुरे.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावरही ती ओळ असेल. घरी गेल्यावर जरूर बघा.  जेवण गरम आहे!